व्हायोलिनचा जुना फ्रेंच गज घ्यायचाय, बजेट २,००० युरो. कसा पारखावा?

मनवा_लियाँ
लेक सतरा वर्षांची, व्हायोलिन मन लावून शिकते. सर म्हणतात, वाद्य चांगलं आहे, आता गज बदला. इथल्या दुकानात जुने फ्रेंच गज दाखवतात. २,००० च्या वर खरंच जमणार नाही. काय बघून घ्यायचा?

सारंगधर
डोळे मिटून सार्तोरी घ्या, नावाजलेल्या फ्रेंच कारागिराचा गज. माझा ६१ ग्रॅमचा आहे, तारेवर ठेवला की इकडचा तिकडे हलत नाही. बजेटचं म्हणाल तर थोडं थांबा, पैसे साठवा. आयुष्यात एकदाच घ्यायची वस्तू आहे.

वसुधा_के
सार्तोरीच! दुसरा विचारच नको.

मडगावकर
ताई, वजनाच्या आकड्यावर जाऊ नका. ६० ग्रॅमचेच दोन गज घ्या, एक हातात पिसासारखा वाटेल आणि दुसरा टोकाकडे ओढेल. सगळा खेळ तोलाचा. गजाचे केस ढिले करून दांडी डोळ्यासमोर धरा आणि मुठीकडून टोकापर्यंत नजर टाका. डावी-उजवीकडे वाकली असेल तर परत ठेवा. आतल्या बाजूचा बाक मात्र हवाच. पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्तने पेर्नाम्बुको या ब्राझीलच्या लाकडाच्या दांडीला धग देऊन तो बाक आणला, आजचा गज तिथूनच आला. आणि शिक्क्याला भुलू नका. तूर्त स्वतः क्वचितच शिक्का मारायचा, पण त्याच्या नावाचे स्वस्त गज बाजारात ढिगाने आहेत.

पुणेरी_तार
मी तर म्हणतो कार्बन फायबर घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात केस ढिले पडतात, कितीही पिळा. वर बंद पेटीत किडीने केस कुरतडले ते वेगळंच.

मडगावकर
अहो, केस कार्बनच्या गजालाही घोड्याचेच असतात!

निशिकांत_टोरंटो
टोकाची पट्टी हस्तिदंती आहे का ते आधी विचारा. माझा गज त्यापायी सीमेवर तीन तास अडकला होता. कागदपत्रं घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पेर्नाम्बुकोही २००७ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे.

मनवा_लियाँ
पाच गज वाजवून पाहिले. लेकीला मिरकूरचा (वाद्यं-गज बनवणाऱ्यांचं फ्रेंच गाव) एक आवडलाय. शिक्का नाही, डोक्याला (दांडीच्या टोकाला) जुनी दुरुस्ती, १,६०० युरो.

सारंगधर
डोकं जोडलेला? अजिबात नको! विकायला गेलात तर निम्मेही मिळायचे नाहीत.

वसुधा_के
डोकं जोडलेला नकोच.

मडगावकर
जोड पक्का आहे का, ते दुसऱ्या कारागिराला दाखवा. मग ठरवा.

मनवा_लियाँ
दाखवला. आतून पाचर बसवलेली आहे, पक्की आहे म्हणाला. घेतला. बाकीच्या चारांत अगदी हळू वाजवताना टोकाशी पोचलं की सूर विरायचा. याच्यात शेवटच्या बोटभर केसांपर्यंत सूर भरीव राहतो, आणि स्पिकाटोला, म्हणजे गज तारेवर उडवत वाजवताना, दांडी आपणहून उसळते. लेक तासभर एकच सूर ओढत बसली होती. विकायचा नाहीच आहे, सारंगधर काका. पट्टी हाडाची आहे, तसं पावतीवर लिहून घेतलं. केस शनिवारी बदलून मिळतील.