सहा एकर माळ सोलरला २८ वर्षं भाड्यानं द्यावा का?

माळरान_अथणी
अथणी तालुक्यात, जतच्या शिवेला आमचा सहा एकर मुरमाड माळ. पाऊस लागला तर बाजरी-मटकी, नाहीतर कुसळं. एजंट येऊन गेला: मोठा सोलर होणार, जमीन विकायची नाही, २८ वर्षं भाड्यानं. पावगडाचा दाखला देतोय. आपल्याच कर्नाटकात, तुमकूर जिल्ह्यातला तो सोलर पार्क २,०५० मेगावॅटचा, जवळपास १३,००० एकरांवर. जमीन शेतकऱ्यांकडून भाड्यानं घेतलेली, सुरुवातीला एकरी वर्षाला २१,००० रुपये. आमच्या माळानं एवढे पैसे कधी बघितलेत? मी द्यायच्या मताचा. आई नको म्हणते.

निपाणीकर७२
आईचं ऐका. पावगडात भाडं दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढतं. हिशेब करा की, २८व्या वर्षीसुद्धा एकरी चाळीस हजारांच्या आतच. तोवर चहा कितीला झालेला असेल?

माळरान_अथणी
आणि तोवर कुसळं कितीला जातील, तेही सांगा!

मसूरवाला_बेळगाव
माळ द्यायला हरकत नाही. आमच्याकडं हलगा-मच्छे बायपास रस्त्याला शेतकरी का आडवे झाले? भातानंतर मसूर देणारी काळी जमीन ती. माळाचं तसं नव्हे. पण सोलरवाल्यांना सलग रान लागतं, उद्या विहिरीखालच्या तुकड्याकडं बोट दाखवतील. तिथं मात्र ठाम राहा.

काठी_घोंगडं
उतारा ज्यांच्या नावावर, तेवढेच बोलायलेत इथं. तुमच्या माळावर मेंढरं चरतात ती कुणाची? आमची. सुगी झाली की तुमच्याच रानात बसवतो, लेंडीखत मिळतं तुम्हाला. कुंपण पडलं की आम्ही कुठं जायचं? पावगडातही भाडं मालकाला मिळालं, भूमिहीनांची शेतमजुरी मात्र गेली.

माळरान_अथणी
हे खरंच डोक्यात नव्हतं.

चिकोडीचा_ऊस
एवढ्या मोठ्या पार्कची गरजच काय? आम्हाला पंपाची थ्री फेज वीज रात्री एकला येते. गमबूट घालून, बॅटरी घेऊन उसात पाणी फिरवतो. परवा पाटात घोणस होती. केंद्राच्या कुसुम या शेती-सोलर योजनेत सबस्टेशनजवळ ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचे लहान प्रकल्प बसतात. शेतीचा फीडर, म्हणजे पंपांना वीज देणारी लाईन, त्यावर दिवसा चालवा. मोठ्या पार्कची वीज हायटेन्शन लाईनीनं जाणार बाहेर, आपण खालून तारा बघत बसायचं.

निपाणीकर७२
बाहेर गेली तर गेली. तुमची साखर काय तुम्हीच खाताय काय?

चिकोडीचा_ऊस
साखर रात्री एकला काढावी लागत नाही.

माळरान_अथणी
काल एजंटला फोन केला. २८ वर्षांनी रोवलेले खांब कोण उपटणार, विचारलं. म्हणाला, "ॲग्रीमेंटमध्ये असेल की." ॲग्रीमेंट कन्नडमध्ये, वकिलाकडं वाचायला दिलंय. मेंढरांच्या वाटेचंही त्यात घालून घेता येतं का, विचारतो. आणि खरी अडचण वेगळीच निघाली: उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे, पुण्यातले चुलते फोन उचलत नाहीत.