नवी नोकरी, शिकाऊ दिवस: तुमचे अनुभव सांगा

स्पंजवाली
काल माळा आवरताना ती गोल डबी सापडली, आत वाळून दगड झालेला स्पंज. १९९४ साली बँकेत कॅशला लागले तेव्हाची. ट्रेनिंग कसलं, हेड कॅशिअर काकांच्या शेजारी बसायचं. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल. तेव्हा पाकिटांना पिना असायच्या (रिझर्व्ह बँकेनं २००१ मध्ये त्या बंद केल्या), उचकटून उचकटून अंगठ्याची चाळण. तिसऱ्याच दिवशी पाचशे कमी. तेव्हाचे पाचशे! रडायचीच बाकी होते. काका काही बोलले नाहीत, कचऱ्याची टोपली माझ्यासमोर पालथी केली. कागदी पट्ट्यांत नोट अडकलेली. "हिशेब जुळेपर्यंत टोपली हलवू द्यायची नाही." रिटायर होईपर्यंत रोज बघितली. घरची अजून बघते, नवरा हसतो.
तुमचं काय?

डबल_बेल
एसटी. पत्र्याची तिकीटपेटी, पंच. एक बेल थांबा, दोन बेल चला, एवढंच पाठ. म्हातारी अजून पायरीवर आणि मी घाईत डबल दिली. गाडी हललीच नाही. ड्रायव्हर मामा म्हणाले, "बेल ऐकतो रे, पण आधी आरसा बघतो."

खानदेशी_उन्हाळा
भुसावळ, रेल्वेचं ट्रेनिंग, मे महिना. एवढ्यात समजून घ्या. झोपेत मी लाइन क्लिअर मागायचो आणि रूममेट झोपेतच प्रायव्हेट नंबर द्यायचा. स्टेशन मास्तर लोकांनाच कळेल: लाइन क्लिअर म्हणजे पुढच्या स्टेशनकडून गाडी सोडायची परवानगी, प्रायव्हेट नंबर म्हणजे ती दिल्याची खूण.

पोह्यांवर_शेव
भुसावळ म्हणजे भरीत!! मेसमध्ये मिळायचं का?

खानदेशी_उन्हाळा
मे महिन्यात कसलं भरीत ताई, ते थंडीतलं. हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली. सोबत कळण्याची पुरी. आता भूक लागली.

म्यूटवर_होते
माझं २०२० चं. लॅपटॉप कुरिअरनं सांगलीला आला, ट्रेनिंग माजघरात. मागून आजी रोज, "त्या मास्तरांना विचार जेवले का." सर चेन्नईचे, ते पण शेवटी "आजी, सापाडू आच्चा" (तमिळमध्ये, जेवण झालं का) म्हणायला लागले. बॅचमधल्या एकीला थेट तिच्या लग्नात भेटले. उंचीच वेगळी निघाली!

नाव_नको
मी नवव्या दिवशी सोडून आलो. फोनवर कर्ज वसुली होती. आईला महिनाभर सांगितलं नाही, डबा घेऊन बागेत बसायचो.

स्पंजवाली
@नाव_नको अरे... आणि डबा?

नाव_नको
खायचो ना. माळीकाकांना अर्धा.

मेळघाट_मास्तर
डी.एड. दोन वर्षं, पाठ टाचणं काढून बोटं दुखली. पहिली शाळा धारणीकडे, पहिलीतली पोरं फक्त कोरकू बोलणारी. एक पोरगी सारखी "डा, डा" म्हणत होती. मला वाटलं अक्षर ओळखलं. फळ्यावर 'डा' काढून वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. तिला पाणी हवं होतं.

डबल_बेल
😂😂 मास्तर!

स्पंजवाली
दिलंत ना मग?

मेळघाट_मास्तर
चौथीतल्या पोरानं दिलं. मला पण एक ग्लास आणला, म्हणाला, "डा."

पोह्यांवर_शेव
कळण्याची पुरी कशी करतात कोणी सांगेल का? ज्वारी किती, उडीद किती? दूध उतू चाललंय, येते.