मदत हवी आहे: ६० च्या वर बाईक थरथरते, मागून टकटक आवाज

मानेवाडा_ते_बुटीबोरी:
गाडी ६० च्या वर गेली की थरथरून राहिली आणि मागून टकटक आवाज येते. तीन मेकॅनिकला दाखवली, एक म्हणते चेन, एक म्हणते बेअरिंग, तिसऱ्याने तर सरळ इंजिन खोलायचं काढलं. रोज बुटीबोरीला जाणं-येणं आहे, नाइट शिफ्टहून परतताना फार भीती वाटते. लवकर सांगा, उद्याच सुट्टी आहे.

खामल्याचा:
कोणती गाडी, किती चालली? काहीच न सांगता काय सांगणार भाऊ.

मानेवाडा_ते_बुटीबोरी:
१५० सीसी, २०१७ ची, ६८ हजार किमी. चेन-स्प्रॉकेट मागच्या वर्षीच बदललं.

सक्करदरा_०९:
आधी ऑइल बदल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, ऑइल पातळ होऊन जाते. मी दर अडीच हजारला बदलतो, गाडी लोण्यासारखी चालते.

जुना_गॅरेजवाला:
ऑइलचा इथे काही संबंध नाही. इंजिन खोलू देऊ नको. रस्ता मोकळा पाहून ६५ ला ने, क्लच दाबून धर आणि थ्रॉटल सोड. थरथर थांबली तर इंजिनकडे पाहू, तशीच राहिली तर चाक, टायर नाहीतर चेन. दुसरं असं की ६० च्या स्पीडला १७ इंची चाक सेकंदाला आठ-नऊ फेरे मारते, तो धक्का वेगळा जाणवते, जशी गाडी उड्या मारून राहिली. इंजिन तेव्हा मिनिटाला पाचेक हजार फिरते, त्याने फुटरेस्टवर बारीक मुंग्या येतात. तुला कोणतं होते?

मानेवाडा_ते_बुटीबोरी:
उड्याच. सीटखाली धडधड धडधड.

वर्धारोड_रायडर:
सिमेंट रोडचे जॉइंट असतील, माझीही तिथे टकटक वाजते. डांबरी रस्ते होते तेच बरे होते.

खामल्याचा:
काहून? डांबरीवर दर पावसाळ्यात खड्डे पडत होते ते विसरला का? आणि जॉइंटचा आवाज थ्रॉटल सोडल्यावर वाढत नसते. धागा लावणाऱ्याने सांगा, टक कधी वाजते?

मानेवाडा_ते_बुटीबोरी:
थ्रॉटल सोडला की एक टक, परत दिला की एक टक. क्लच दाबून पाहिलं, धडधड तशीच राहते.

खामल्याचा:
मग हबचे रबर गेले (मागच्या चाकात चेनचा झटका झेलणारे), लिहून घ्या. माझ्या गाडीचं सेम टू सेम होतं. डबल स्टँडवर लाव, गिअरमध्ये टाक, मागचं चाक हाताने पुढेमागे हलव. मोठा स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, जागेवर राहून चाक एकटंच हललं की समज.

जुना_गॅरेजवाला:
रबराने टक होईल, पण क्लच दाबल्यावरही उड्या राहिल्या त्या रबराने नाही होत. टायर कधी बदलला?

मानेवाडा_ते_बुटीबोरी:
हो, मागचा बदलला ना, वीस दिवस झाले. तेव्हापासूनच तर आहे.

जुना_गॅरेजवाला:
अरे बाप्पा, हे पहिल्या ओळीत सांगायचं होतं! रिमच्या काठाला लागून टायरवर एक बारीक उभारलेली रेघ असते. चाक हळूहळू फिरव, ती रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी आत घुसली असेल तर टायर नीट बसलाच नाही. सोबत टायर कुठे फुगला आहे का तेही पाहून घे.

सक्करदरा_०९:
नायट्रोजन भरा, हवा जरा हळू कमी होते.

मानेवाडा_ते_बुटीबोरी:
आत्ताच पाहून आलो, मोबाईलचा टॉर्च लावून. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला वीतभर जागेत रेघ दिसतच नाही, पार रिमच्या आत आहे. बाकी सगळीकडे बोटाएवढी बाहेर. आणि चाक हलवलं तर स्प्रॉकेट जागेवरच, चाक दोन बोटं हललं. म्हणजे दोन्ही?

खामल्याचा:
दोन्ही. चाक निघालंच आहे तर रबर टाकूनच घे, परत मजुरी नको. आत काळा भुगा सापडेल तोही पुसून काढायला लाव.

जुना_गॅरेजवाला:
टायरवाल्याला सांग, सगळी हवा सोड, काठाला साबणाचं पाणी लाव, मग परत भर आणि बसल्यावर कंपनीच्या प्रेशरला आण. समोर उभा राहून रेघ स्वतः पाहा. मग एक्सल आवळण्याआधी चाकाच्या दोन्ही बाजूंना चेन ताणायच्या जागी असलेल्या खुणा सारख्या आहेत का तेही पाहा. तोपर्यंत ४० च्या वर जाऊ नको, रात्रपाळीला तर नाहीच.

मानेवाडा_ते_बुटीबोरी:
सकाळी दुकान उघडलं की पहिला मीच. झाल्यावर इथेच लिहितो.