दुधाचे दात पडतच नाहीयेत, मदत हवी आहे

रानवारा: लेकाचा अजून एकही दात पडला नाहीये. बरोबरीच्या सगळ्या मुलांच्या तोंडात खिडक्या पडल्यात, हा रोज आरशासमोर उभा राहून दात हलवून बघतो आणि रडतो. कोणाकडे असं झालंय का? काय केलंत? प्लीज लवकर सांगा.

कवडसा: वय काय?

सांजवेळ: नका काळजी करू. माझ्या मुलीचा पहिला दात सात पूर्ण झाल्यावर पडला. कॅल्शियम सुरू करा, आम्हाला त्यानेच फरक पडला.

कवडसा: कॅल्शियमने दात पडत नाहीत हो. खालून पक्का दात वर सरकतो, दुधाच्या दाताचं मूळ झिजत जातं, मग तो हलायला लागतो. उगाच गोळ्या कशाला? आधी वय कळू दे.

रानवारा: साडेसात. दात आलेच उशिरा, पहिला चौदाव्या महिन्यात.

कवडसा: मग पडायलाही उशीर होणार. खालचे पुढचे दोन साधारण सहाव्या वर्षी पडतात, वर्षभर मागेपुढे चालतं. तरी आठ पूर्ण व्हायच्या आत दाखवून घ्या. थायरॉईड कमी असलं तरी दात रेंगाळतात, उंची नीट वाढतेय ना?

मधुघट: माझ्या भाच्याच्या दातांवर पिवळे डाग आहेत, पेस्ट कुठली चांगली?

रानवारा: उंची ठीक आहे. काल तो झोपल्यावर टॉर्च लावून बघितलं तर खालच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला, करवतीसारख्या दोन कडा दिसल्या, तेव्हापासून झोप नाहीये मला. काय असेल ते?

कवडसा: अहो, हे आधी सांगायचं ना! पक्के दात आहेत ते. नवीन दाताची कड अशीच दातेरी असते.

पारिजात: दोरा बांधून ओढा, आमच्या घरी सगळ्यांचे असेच काढले.

कवडसा: कृपा करून नको. न हलणाऱ्या दाताचं मूळ शाबूत असतं, हिरडीला इजा होईल.

सांजवेळ: माझ्या पुतणीचेही मागूनच आले होते, दुधाचे आपोआप पडले आणि जिभेच्या रेट्याने नवे पुढे सरकले. डॉक्टरची घाई नको.

कवडसा: तिचे हलत असतील. याचे हलतात का तेच माहीत नाही आपल्याला. अजिबात हलत नसतील तर काढावे लागू शकतात, ते डेंटिस्टच ठरवेल. एक्स-रे काढला तर बाकीचे पक्के दात आत आहेत का तेही दिसेल, काही मुलांचा एखादा पक्का दात मुळात तयारच झालेला नसतो.

रानवारा: एक किंचित हलतोय, दुसरा अजिबात नाही. उद्याची अपॉइंटमेंट घेतली. सुई टोचणार का म्हणून सारखा विचारतोय, काय सांगू?

मधुघट: टोचणारच नाहीत असं सांगू नका, टोचली तर पुढच्या वेळी खुर्चीत बसणार नाही. आधी नुसतं बघतील, फोटो काढतील, एवढंच सांगा. आणि पेस्टचं कोणी सांगेल का?