'डावललं', 'हुकलं' की 'बोळवण केली'? ऑस्करच्या यादीबाहेर राहिलेल्यांसाठी शब्द

नमस्कार. मी एका दैनिकाच्या पुरवणीत काम करते. ऑस्करची नामांकनं लॉस एंजेलिसला पहाटे साडेपाचला जाहीर होतात, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सात. आठला पान सोडायचं असतं आणि मथळ्याला जागा चार शब्दांची. कोणाला मिळालं हे लिहायला शब्द असतात, अडतं ते कोणाला मिळालं नाही तिथे. इंग्रजीवाले 'स्नब' लिहून पुढे जातात, आम्ही 'डावललं' लिहून.

२०२४च्या जानेवारीत मी असाच मथळा दिला: 'बार्बी'च्या दिग्दर्शिकेला डावललं. दुसऱ्या दिवशी एका आजोबांचा फोन आला. "ताई, डावललं ते कोणी?" एवढंच विचारलं त्यांनी. मला उत्तर देता आलं नाही. हा शब्द नेमका कुठे वापरावा?

प्रतिसाद १

आजोबांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. 'डावलणे' या शब्दात 'डावा' ऐकू येतो. देवाला आपण उजवी घालतो, आणि पंगतीत डावं-उजवं करणारा वाढपी लगेच नजरेत भरतो. आपण हा शब्द वापरतो कुठे ते बघा. 'सेवाज्येष्ठता डावलून बढती दिली.' 'थोरल्याला डावलून धाकट्याच्या नावावर जमीन केली.' दोन्हीकडे हक्काचा माणूस समोर उभा आहे, देणाऱ्याला तो दिसतो आहे, आणि तरीही देणाऱ्याचा हात दुसरीकडे जातो. हे सगळं असेल तरच डावलणं.

आता 'बार्बी'ची दिग्दर्शिका ग्रेटा गर्विगचं बघा. दिग्दर्शनाची नामांकनं ऑस्कर देणाऱ्या अकादमीतले दिग्दर्शक-सदस्यच ठरवतात. शेकडो जण गुप्तपणे पसंतीक्रमाने नावं लिहून देतात आणि त्यातून पाच निघतात. कोणाच्याही मनात तिच्याविषयी अढी नसताना ती सहावी येऊ शकते. शिवाय त्याच वर्षी रूपांतरित पटकथेसाठी नोआ बॉमबाखसोबत तिला नामांकन होतं, आणि अभिनेत्रींच्या यादीत नसलेली मार्गो रॉबी निर्माती म्हणून सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत होती. मी 'दिग्दर्शनाचं नामांकन हुकलं' असं लिहिलं असतं.

प्रतिसाद २

दादा, 'हुकलं' फार मऊ पडतं. बस हुकते, झेल हुकतो. त्यात दोष जमलं नाही त्याच्याकडे जातो. 'हेरेडिटरी'मध्ये टोनी कोलेट जेवणाच्या टेबलावर मुलावर ओरडते, तेव्हा राग कुठे संपतो आणि शोक कुठे सुरू होतो ते कळत नाही. मी तो प्रसंग चार वेळा पाहिला, चारही वेळा घास हातात राहिला. तिला नामांकन नाही. पुढच्याच वर्षी 'अस'मध्ये लुपिता न्योंगोने दोन बायका उभ्या केल्या, दोघींचा आवाज वेगळा, चालही वेगळी. तिलाही नाही. दोन्ही भयपट. त्या दोघींचं काही हुकलं नव्हतं.

एकेका मतदाराला विचारलं तर कोणीच त्यांना डावललेलं नसेल. पण भयपटातला अभिनय म्हणजे अभिनयच नाही, ही सवय सगळ्यांची मिळून. अशा सामूहिक सवयीला आपल्याकडे 'उपेक्षा' हा शब्द आहे. उपेक्षेला एक ठरावीक कर्ता लागत नाही.

प्रतिसाद ३

'डावलणे' शंभर टक्के बसेल असं एक उदाहरण देतो: 'हूप ड्रीम्स', १९९४. शिकागोतल्या दोन मुलांच्या बास्केटबॉलच्या स्वप्नावरचा जवळजवळ तीन तासांचा माहितीपट. माहितीपटांच्या यादीत तो नव्हता, संकलनाचं नामांकन मात्र होतं. तेव्हा माहितीपटांची निवड एका समितीकडे असे. सदस्य अंधारात बसून बघत, कंटाळा आला की विजेरी दाखवत. पुरेशा विजेऱ्या लागल्या की प्रक्षेपण बंद. तपासणीत पुढे असंही निघालं की मोजक्या सदस्यांनी आपल्या पाच माहितीपटांना पूर्ण गुण दिले होते आणि बाकीच्यांना शून्य. इथे हात दिसतो, हातातली विजेरीसुद्धा दिसते. ओरड झाल्यावर अकादमीला नियम बदलावे लागले.

प्रतिसाद ४

माझं वय सत्तरच्या पुढे, म्हणून एक जुना शब्द सुचवते: 'बोळवण'. पाहुणा निघाला की हातावर काहीतरी ठेवून त्याला बोळवतात. लेकीची बोळवण मायेची असते. पण हक्क मागायला आलेल्याला खण-नारळावर वाटेला लावलं, तर तीही बोळवणच.

'डू द राइट थिंग' हा १९८९चा चित्रपट घ्या. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत नाही, स्पाइक लीचं नाव दिग्दर्शनात नाही. पटकथा आणि सहाय्यक अभिनेता, एवढी दोन नामांकनं. त्या वर्षीचा मान 'ड्रायव्हिंग मिस डेझी'ला. समारंभात किम बेसिंजरने मंचावरूनच सांगितलं की सर्वांत मोठं सत्य सांगणारा चित्रपट यादीत नाही. याला मी डावलणं म्हणणार नाही आणि उपेक्षाही नाही. ही बोळवण आहे.

आणि बाळांनो, शब्दांवर बोलता आहात तर 'अरायव्हल'ला विसरू नका. त्यात एमी ॲडम्स भाषाशास्त्रज्ञ आहे. पृथ्वीवर कशासाठी आलात, हा प्रश्न परग्रहवासीयांना विचारण्याआधी त्यांना काय काय शिकवावं लागेल, ते ती फळ्यावर एकेक शब्द सोडवून लष्करी अधिकाऱ्याला समजावते. प्रश्न म्हणजे काय, 'तुम्ही' म्हणजे एक की सगळे. मी तीस वर्षं व्याकरण शिकवलं, फळ्यापुढचा तो धीर मला ओळखता येतो. चित्रपटाला आठ नामांकनं मिळाली, त्यात तिचं नाव नाही. ज्या चेहऱ्यावर चित्रपट उभा आहे तो सोडून बाकी सगळ्यांची पानं वाढली. याला माझ्याकडे एकच शब्द आहे: पंक्तिप्रपंच.

प्रतिसाद ५

काकू, 'पंक्तिप्रपंच' वाचून अंगावर काटा आला.

आपल्या देशातून ऑस्करला जाणाऱ्या चित्रपटाबद्दल विचारतो. तिथे देशामागे एकच प्रवेशिका, आणि ती फिल्म फेडरेशनची समिती ठरवते. २०२४ मध्ये पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री हा मोठा पुरस्कार मिळाला. समितीने पाठवला 'लापता लेडीज', तो नामांकनांआधीच्या पंधरा चित्रपटांच्या यादीतही पोचला नाही. छाया कदम दोन्हींत आहेत. 'लापता लेडीज'मध्ये फलाटावर चहा-नाश्ता विकणारी मंजू माई, कपाडियाच्या चित्रपटात मुंबईतल्या घराचे कागद नसल्यामुळे गावी कोकणात परतणारी पार्वती. पार्वती सामान आवरते तेव्हा माझ्या आत्याची आठवण झाली. तीही गिरगावातून अशीच गेली.

समिती आहे, नावं समोर होती, एकच निवडायचं होतं. मग 'डावललं' म्हणावं ना?

प्रतिसाद १

म्हणता येईल. कर्ता आहे, निवड आहे, हक्क कानने दाखवून दिलेला आहे. फक्त राग 'लापता लेडीज'वर निघू नये. धाकट्याच्या नावावर जमीन झाली, यात धाकट्याचा दोष नसतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. काकू, तुमचा शब्द मी टेबलासमोर चिकटवलाय.

'नामांकन' की 'मानांकन' असं एकाने मला वेगळं विचारलं. आमच्याकडे 'मानांकन' टेनिसमध्ये, म्हणजे खेळाडूचा क्रम लावताना. पुरस्काराला 'नामांकन'. तो हिंदीतून आला असं म्हणतात, पण आता रुळलाय आणि 'नामनिर्देशन' मथळ्यात मावत नाही.

आजोबांना काल फोन केला. 'बार्बी'च्या दिग्दर्शिकेचं नामांकन हुकलं, असं लिहायला हवं होतं, हे कबूल केलं. ते म्हणाले, "आता कर्ता शोधावा लागत नाही." पुढच्या जानेवारीसाठी एकच शंका उरली आहे: 'बोळवण केली' लिहिलं तर पुन्हा कर्ता मागतील. 'दोन नामांकनांवर बोळवण' असं क्रियापदाशिवाय चालेल का?