आधी मोड, मग पाठ
ताई, तुम्ही लिहिलंय की मुलं गोष्ट घडाघडा वाचतात, पण परिसर अभ्यासाचा पाठ आला की अडखळतात. अगदी खरं आहे. मी सोलापूरजवळच्या शाळेत चौथीला शिकवते. मला वाटतं, आपण क्रमच उलटा लावतो: आधी पाठ, मग वेळ उरला तर प्रयोग.

यंदा बियांचा पाठ उघडण्याआधी ओल्या फडक्यात मालदांडी ज्वारी आणि मटकी बांधून ठेवली. ज्वारी काय, आपल्याकडे घरोघरी असतेच. रोज सकाळी फडकं सोडायचं, पट्टीने मोजायचं, तारीख टाकून वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी एकीने लिहिलं, ‘ज्वारी छान दिसते.’ मी विचारलं, छान म्हणजे काय दिसलं गं? तिने भिंगातून पुन्हा पाहिलं नि खोडून लिहिलं, ‘टोकाकडून पांढरं मूळ आलं. ४ मिलिमीटर. पान अजून नाही.’ निरीक्षण लिहिणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

मटकी सोलली की दोन डाळी सुटतात, ज्वारीच्या का सुटत नाहीत, यावर तर वर्गात वाद जुंपला. तेव्हा पुस्तक उघडलं. एरवी आकृतीखालची ओळ कुणी वाचत नाही. त्या दिवशी मुलांनी आधी तीच शोधली, कारण उत्तर हवं होतं. ‘एकदल’, म्हणजे ज्याच्या दोन डाळी होत नाहीत असं बी, हा शब्द मी फळ्यावर लिहिला तो त्यानंतर.

एक मात्र कळकळीने सांगते, त्या वहीत शुद्धलेखनाच्या लाल खुणा करू नका. मोजमाप चुकलं असेल तर तेवढं पुन्हा मोजायला लावा.