ड्रायर फिरतो, गरम होतो, तरी कपडे दमटच – हीटर बदलण्याआधी काय तपासू?

मुलुंडकर_पूर्व

नमस्कार मंडळी. ड्राय बाल्कनीत ७ किलोचा टम्बल ड्रायर आहे. साधा, गरम दमट हवा मागच्या पाईपातून बाहेर टाकणारा. वय पाच वर्षं, पाटीवर हीटर २००० वॉट. पाईप चार इंची, लवचिक, अडीच मीटर लांब, दोन वळणं घेऊन ग्रिलमधून बाहेर काढलाय.

तक्रारी तीन. तासाभरात वाळणाऱ्या टॉवेल-चादरींना आता दोन तास लागतात, तरी जीन्सची कमरेची पट्टी ओलीच राहते. दाराची काच मात्र हाताला गरम लागते. दुसरं, जूनपासून आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) दोनदा पडला, दोन्ही वेळा सुरू केल्यावर मिनिटाभरात. तिसरं, फिरताना धप्‌ धप्‌ आवाज.

मेकॅनिकने फोनवरच निदान केलं, हीटर गेला. मल्टिमीटर आहे आणि वापरता येतो. जाणकारांनी सांगावं.

सुतळी

आधी एक खुलासा, कारण आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिकच्या स्पिन टबलाही ‘ड्रायर’च म्हणतात आणि धागा शोधत येणारे निम्मे त्याच्यासाठी येतात. तुमचा तो नाही. स्पिन टब नुसताच घुमत असेल आणि फिरत नसेल तर झाकण बंद करून ब्रेकची तार बघा. तार सैल झाली की ब्रेकची पट्टी ड्रमवरून सुटत नाही. तार ठीक असेल तर स्पिन मोटरचा कपॅसिटर. टब फिरतोय पण खालून पाणी गळतंय, तर शाफ्टचं रबरी सील. ते लगेच बदला, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये उतरतं.

आता टम्बलवाल्यांनी बोलावं.

साबणचुरा

काच गरम लागते म्हणजे हीटर पूर्ण गेलेला नाही. ‘कपडे वाळत नाहीत’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा विजेत नसून हवेत असतं, म्हणून आधी हवा बघा. त्याला पैसे लागत नाहीत.

पावसाळ्याचं गणित असं. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत साधारण २६ ग्रॅम वाफ आधीच असते, आणि तिची कमाल मर्यादा ३० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आणखी चार ग्रॅम घेतली की ती तुडुंब. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली की मर्यादा १३० ग्रॅमवर जाते. कपडे वाळवते ती हवा, हीटर फक्त तिची तहान वाढवतो. ती वाफ पिऊन बाहेर पडलीच नाही तर ड्रममध्ये गरम आणि दमट असा हमामखाना तयार होतो. तुमची ओली कमरपट्टी तेच सांगतेय.

आता तपासणी. ड्रायर चालू असताना पाईपाच्या बाहेरच्या तोंडाशी रुमाल धरा. तो चांगला फडफडला पाहिजे. मग मशीन बंद करून पाईप मागून काढा, मशीन दहा मिनिटं तशीच चालवा आणि थेट मागच्या तोंडाशी रुमाल धरा. इथे जोर आहे पण पाईपाच्या टोकाला नाही, तर दोष पाईपाचा. इथेही जोर नाही, तर फिल्टर किंवा आतला पंखा.

फिल्टरची जाळी स्वच्छ दिसते म्हणून स्वच्छ असते असं नाही. नळाखाली धरून तिच्यावर पाणी सोडा. पाणी आरपार न जाता जाळीवर साचलं तर फॅब्रिक कंडिशनरचा चिकट थर बसलाय. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण आणि जुना टूथब्रश, काम झालं. पूर्ण कोरडी झाल्यावरच परत लावा. जाळी न लावता ‘एकदाच’ चालवणं नको, सगळा पिंजा (कपड्यांचे सुटलेले तंतू) पंख्यावर आणि हीटरवर जातो.

पाईपाचं म्हणाल तर अडीच मीटर आणि दोन वळणं हे जास्तच आहे. चार इंची पाईपात काटकोनातलं एक वळण साधारण दीड मीटर सरळ पाईपाइतका अडथळा करतं. त्यात लवचिक पाईपाच्या आतल्या घड्यांत पिंजा अडकतो, पावसाळ्यात वाफ तिथेच थंड होऊन पाणी साचतं आणि ओल्या पिंज्याचा लगदा होतो. दीड मीटरच्या आत, एकाच वळणात, अॅल्युमिनियमचा पाईप घ्या. प्लास्टिकचा नको. पाईप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवा म्हणजे पाणी मशीनकडे येणार नाही. जोडाला क्लॅम्प लावा, स्क्रू नको, स्क्रूचं आत आलेलं टोक पिंजा धरून ठेवतं.

बाहेरच्या तोंडाला लोक डासांची जाळी लावतात. ती दोन आठवड्यांत ब्लँकेट होते. कबुतरांची मोठ्या भोकांची नेट चालेल, किंवा झडप असलेलं तोंड लावा. ती झडप पूर्ण उघडते का, हे महिन्यातून एकदा बोटाने हलवून बघा. आणि ड्रायर जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी आत यायला हवी. स्लायडिंग खिडकी बंद आणि स्वयंपाकघराचं दारही बंद असेल तर पंखा बिचारा काय करणार?

अजून एक, ड्रायरशी संबंध नसलेलं. वॉशिंग मशीनचा स्पिन किती ठेवता? ४ किलो सुती कपडे १००० आरपीएमवर पिळले तर त्यांत साधारण २.४ लिटर पाणी उरतं, १४००वर सुमारे २ लिटर. २००० वॉटचा हीटर तासाला प्रत्यक्षात दोनेक लिटर पाणी उडवतो. म्हणजे स्पिन वाढवला की ड्रायरची दहा-बारा मिनिटं वाचतात. स्पिनची मोटर हीटरच्या मानाने वीज अगदीच कमी खाते.

फेज_न्यूट्रल

वरच्या प्रतिसादाला +१. आता विजेची बाजू.

‘ट्रिप झाला’ म्हणताना एमसीबी की आरसीसीबी हे सांगणं महत्त्वाचं, ते तुम्ही सांगितलंत म्हणून बरं. एमसीबी जादा भाराने किंवा शॉर्टने पडतो. ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर आणि ड्रायर एकाच १६ अँपिअरच्या लाइनवर असतील तर मिळून २२ अँपिअरच्या आसपास जातात. एमसीबी तेव्हा लगेच पडत नाही, तापत तापत काही मिनिटांनी पडतो, म्हणून लोकांना कारण सापडत नाही. आरसीसीबी पडतो तो गळतीने. करंट कुठून तरी बॉडीत किंवा अर्थमध्ये उतरतोय.

कधी पडतो यावरून जागा ओळखता येते. प्लग लावताक्षणी पडला तर वायर किंवा आत येणाऱ्या वायरचं टर्मिनल. ड्रम सुरू होतानाच पडला तर मोटरवर संशय. ड्रम फिरतोय आणि हीटर लागल्यावर काही सेकंदांत पडला तर हीटर. तुमचं ‘मिनिटाभरात’ या शेवटच्या प्रकारात बसतं. पण म्हणून हीटर जळलाय असं नाही. नळीच्या हीटरमध्ये कॉइलभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते आणि ती ओल ओढून घेते. पावसाळ्यात मशीन आठवडाभर पडून राहिलं की पहिल्या वेळी गळती होते. मात्र आरसीसीबीला बगल देऊन ‘तेवढ्यापुरतं’ चालवायचं नाही. हात ओले, फरशी ओली, बॉडी पत्र्याची.

आता मल्टिमीटर. प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, मगच मागचं पॅनेल उघडा. मोटरच्या कपॅसिटरच्या टोकांना हात लावू नका. हीटरच्या दोन्ही वायर काढून ओहम मोजा. २००० वॉटची एकच कॉइल असेल तर साधारण २६ ओहम यायला हवेत. बऱ्याच मशीनांत १००० वॉटच्या दोन कॉइल असतात, मग प्रत्येकी ५३च्या आसपास. यातली एक तुटली की काच गरम लागते, ड्रम फिरतो, आणि वेळ मात्र दुप्पट. तुमच्या लक्षणांशी हे जुळतं, म्हणून मोजाच. मग कॉइलचं टोक आणि बॉडी यांच्यात मोजा. इथे मीटर काही दाखवत नसेल तरी पूर्ण निर्धास्त होऊ नका. मल्टिमीटर जेमतेम दोन-चार व्होल्टवर मोजतो, गळती २३० व्होल्टवर होते. खात्रीसाठी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) लागतो, तो इलेक्ट्रिशियनकडे असतो. एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर हीटर बदला.

जाता जाता सॉकेटही बघा. अर्धा तास चालल्यावर प्लग काढून पिना चाचपा. कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेटची पकड सैल आहे. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

मुलुंडकर_पूर्व

सगळं करून बघितलं. पाईप काढल्यावर मागे हवा जोरात, पाईपाच्या टोकाला रुमाल हलतही नाही. दुसऱ्या वळणात मूठभर ओला लगदा निघाला. फिल्टरवर पाणी साचत होतं. हीटरला दोन कॉइल आहेत, ५३ आणि ५४ ओहम. बॉडीशी मीटर काहीच दाखवत नाही. पण हीटरला लागून दोन छोटे गोल स्विच आहेत. एकाच्या दोन टोकांत कंटिन्युइटी (म्हणजे अखंड जोड) मिळते, दुसऱ्याच्या नाही. तो काय?

ड्रम रिकामा असतानाही धप्‌ धप्‌ आहे, साधारण सेकंदाला एक.

फेज_न्यूट्रल

दोन्ही कॉइल ठणठणीत, तेव्हा हीटरचा खर्च वाचला. गोल स्विच म्हणजे थर्मोस्टॅट. यात दोन प्रकार. एक नेहमीचा, गरम झाला की उघडतो आणि थंड झाला की मिटतो. दुसरा सुरक्षेचा. त्याच्या मध्ये लाल किंवा पांढरं बारीक बटण असेल तर ते दाबा, ‘टक्’ आवाज आला की तो पुन्हा जोडला गेला. बटण नसेल आणि थंड असताना कंटिन्युइटी नसेल तर तो बदलायचा. तुमच्याकडे काच अजून गरम होते, म्हणजे बहुधा तो एकाच कॉइलच्या वाटेत आहे. वायरींचा फोटो काढून मगच हात घाला, आणि अंगावर छापलेला अंशांचा आकडा तोच बघून नवा घ्या.

तो पडला कशाने, तर तुंबलेल्या पाईपाने. पाईप न बदलता नुसता स्विच बदललात तर पुन्हा पडेल. वायरचा तुकडा टाकून जोडून देणारे मेकॅनिक असतात, त्यांना दारातूनच परत पाठवा.

आरसीसीबी मात्र मेगर लावेपर्यंत संशयितच. पाईप उतरता केल्यावरही पडला तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

साबणचुरा

आवाजाचं सांगतो. ड्रम मिनिटाला पन्नासेक फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला एक धप्‌ ही फेऱ्याला एक झाली. संशयित दोन, ड्रमच्या कडेचा फेल्ट (नमद्याची पट्टी) किंवा ड्रम फिरवणारा पट्टा. प्लग काढा, दार उघडा, ड्रमच्या आत कडेला खडूने खूण करा आणि हाताने सावकाश फिरवा. अडखळणं दर वेळी खुणेच्या एकाच जागी येत असेल तर फेल्टचा जोड उसवलाय. जागा दर फेऱ्याला थोडी थोडी सरकत असेल तर पट्ट्याची कड फाटलीय, कारण पट्टा ड्रमच्या घेरापेक्षा लांब असतो आणि त्याचा फेरा मागे पडतो. रोलरवाल्या मशीनमध्ये रोलर चपटा झाला तर आवाज याहून बराच जलद येतो. ड्रम अगदी हलका, मोकाट फिरला तर पट्टा तुटलाच समजा.

पट्ट्यावर ‘१९३० एच ७’ असं काहीसं छापलेलं असतं. लांबी मिलिमीटरमध्ये, मग दात्यांचा प्रकार आणि शेवटी धारांची संख्या. तिन्ही जुळवूनच घ्या. दोन-चार मिलिमीटरने काय होतंय म्हणणारा दुकानदार तुम्हाला परत त्याच्याच दुकानात आणेल.

सुतळी

धागा भरकटवतोय, पण तेलाचं कुणी बोललं नाही. मालिशचे पंचे, अभ्यंगाचे टॉवेल, ओट्याची फडकी ड्रायरमध्ये टाकू नका, धुतलेली असली तरी. एका धुण्यात तेल पूर्ण जात नाही. तीळ आणि सूर्यफुलाचं तेल उष्णतेने हवेशी संयोग पावून स्वतःच तापत जातं. खोबरेलात हा धोका बराच कमी, पण कुठल्या पंच्यावर कुठलं तेल हे धुणं भरताना कोण बघतं? शेवटची दहा मिनिटं ड्रायर थंड हवा सोडतो तीही घाईत कापू नका. आणि वाळलेले कपडे गाठोडं करून गरमागरम टोपलीत कोंबू नका, मोकळे पसरा.